साहेबाचं नाव भोंग्यावर

२०१७ साल. माझं वय शाळेच्या दाखल्याप्रमाणे सत्तावन्न आणि मायच्या म्हणण्याप्रमाणे एकोणसाठ. मी मायचं खरं मानतो, कारण त्या वेळी ती हजर होती.

भंडारा जिल्ह्यात अड्याळच्या अलीकडे आमचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीचा मी चपराशी. कागदावर आता कर्मचारी लिहितात, पण गाव चपराशीच म्हणे आणि मला त्याची लाज नव्हती. शिक्षण चौथी. चौथी दोनदा केली, म्हणून इतरांपेक्षा माझी पक्की आहे. सकाळी नळाचा कॉक सोडणं, ऑफिस झाडणं, नोटिसा घरोघरी नेणं, मेलेलं कुत्रं उचलणं, झेंडा बांधणं, मोठे लोक आले की च्या नेणं आणि ते गेले की कप धुणं, ही सगळी कामं माझी. आणि भोंगा. ऑफिसच्या छतावरचा भोंगा हे माझं खरं राज्य. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, ग्रामसेवकाची बदली होते, पण भोंग्यावरचा आवाज कधी बदलला नाही. लांबच्या बांधीत धान कापणारी बाईसुद्धा विळा थांबवून म्हणे, "तुळशीराम बोलून राहिला, ऐका."

त्या साली वरून हुकूम आला, गाव हागणदारीमुक्त करा. घरोघरी संडास बांधून झाले होते. पण बांधणं वेगळं आणि त्यात बसणं वेगळं. कोणी त्यात सरपण भरलं, कोणी भुईमुगाच्या शेंगा. एकानं सायकल ठेवली होती आणि वर तिला वेगळं कुलूप. सासरा बाहेर बसला असताना सुनेनं डबा घेऊन त्याच्यासमोरून आत कसं जावं, हाही प्रश्न होताच. लोक आपले टमरेल उचलून बोडीच्या पाळीकडे. बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, त्याच्या पाण्यावर धान होतो.

मग निघालं गुड मॉर्निंग पथक. इंग्रजी नाव, पण काम पहाटे साडेचारला लोकांच्या मागे फिरायचं. पथकाचा म्होरक्या मी. गळ्यात शिट्टी, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात झेंडूची फुलं. बाहेरच्यांना हा धंदा सोपा वाटतो, पण यात शिकायला फार आहे. धान उभा असला की पथकानं घरी झोपावं, कोणी सापडत नाही. धान कापला की आडोसा संपला. मग उरतात धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरी आणि पाळीवरची बेशरमाची झुडपं. माणूस जाताना चालतो कसा आणि येताना कसा, यावरून मी अंधारात सांगू शके. शालीच्या आत बाटली लपवली की खांदा एका बाजूला उतरतो. विचारलं की उत्तर एकच, "म्हैस पाह्यले चाललो." आमच्या गावात तेव्हा म्हशी सात, आणि पहाटे त्या पाहायला निघालेले लोक चाळीस.

माणूस सापडला की शिट्टी वाजवायची, मग पाठ फिरवून दहा मोजायचे. ही सभ्यता मी स्वतः घातली होती. दहा झाले की वळायचं, झेंडूचं फूल द्यायचं, टमरेल जप्त करायचं, आणि सकाळी आठला भोंग्यावर नाव वाचायचं.

हा नियम ग्रामसभेत झाला तेव्हा गुरुजी उठून म्हणाले, "शिक्षक, ग्रामसेवक, पाहुणे अधिकारी यांचं नाव भोंग्यावर घेणं बरं दिसणार नाही." मी कप गोळा करत होतो. तिथूनच बोललो, "काहून जी? अधिकाऱ्याच्या पोटात काय कागद असते?" सभा हसली आणि मी अडून बसलो. शेवटी रजिस्टरात लिहून घेतलं: लहान-मोठा, गावचा-बाहेरचा, कोणालाही सूट नाही. माझ्या आयुष्यात सरकारी रजिस्टरात माझं म्हणणं गेलेलं हे एकच वाक्य. पुढे तीन वर्षांनी तोंडाला फडकं बांधायचा नियम आला. एक मोठे गृहस्थ गावात मास्क वाटायला आले आणि स्वतःचा मास्क हनुवटीवर ठेवून फोटो काढून गेले. तेव्हाही मला हेच वाक्य आठवलं. नियम हा नळाच्या पाण्यासारखा असावा. टाकीच्या खाली सगळ्यांची घरं सारखीच.

पण या वाक्यानं माझ्याकडून एक वाईट काम करून घेतलं, तेही लिहितो.

गेंदाबाई ही माझ्या बायकोची मावशी, म्हणजे माझी मावससासू. सत्तरीच्या पुढची, गुडघे गेलेले. आमच्याकडे सासू जवायासमोर पदर खाली ओढून उभी राहते, मोठ्यानं बोलत नाही, आणि जवाई सासूचं नाव तोंडानं घेत नाही. तर एका पहाटे तुरीत शिट्टी वाजवली, दहा मोजले, वळलो, आणि समोर गेंदाबाई पदर ओढून उभी. मी झेंडूचं फूल पुढे केलं. तिनं ते घेतलं. जवायानं दिलेलं कसं नाकारावं! ग्रामसेवक म्हणाले, "तुळशीरामभाऊ, हे नाव सोडून द्या." मी सोडलं नाही. आठ वाजता भोंग्यावर तिचं नाव, नवऱ्याचं नाव, वॉर्ड नंबर, सगळं खणखणीत वाचलं.

गेंदाबाई तिसऱ्या दिवशी आली, आणि डोक्यावर पदर नव्हता. "ज्या जवायानं सासूले भोंग्यावर चढवलं, त्याच्यापुढं पदर कायचा जी?" असं म्हणाली, आणि त्या दिवसापासून माझ्याशी जे बोलायला लागली ते आतापर्यंत थांबली नाही. संडासात बसून उठता येत नाही म्हणून ती बाहेर जात होती. हे मला आधी विचारता आलं असतं. मी दहा मोजले, पण विचारलं नाही. नंतर तिच्या संडासात भिंतीला धरायला लोखंडी कडी ठोकून दिली. वाचलेलं नाव मात्र ठोकून परत बसवता येत नाही.

जानेवारीत तपासणीचे साहेब येणार असं पत्र आलं. गाव पास झालं तर चौकात फलक लागणार होता. साहेब रात्री मुक्काम करणार, पहाटे आमच्या पथकासोबत फिरणार, मग घरोघरी संडास पाहणार. ऑफिसच्या मागे ग्रामपंचायतीचा एक संडास आहे. तो मी दोन दिवस घासला. फिनाइल टाकलं, चुना मारला, दाराला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, उंबऱ्यासमोर रांगोळी घातली. आणि साहेबाच्या आधी कोणी घाण करू नये म्हणून बाहेरून कुलूप लावून किल्ली करदोड्याला बांधली.

साहेब सातारा की सांगली तिकडचे, अंगानं बारीक, बोलायला गोड. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. सरपंचाच्या घरी त्यांना गोसीखुर्द धरणातले झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, खाऊ घातले, तिखट झणझणीत, वर लाखोरीच्या डाळीचे वडे. साहेब म्हणाले, "वा!" आणि चार वडे अजून घेतले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. आमच्या पोटाला लाखोरीची सवय आहे. नवीन पोटाला ती लवकर उठवते.

पहाटे साडेचारला मी आणि ग्रामसेवक ऑफिसात गेलो, तर तिथं साहेबांसाठी टाकलेली खाट रिकामी.

"पाहा भाऊसाहेब," मी म्हणालो, "साहेब आपल्याआधी फिराले गेले. याले म्हंतेत अधिकारी!"

छाती फुगवून आम्ही बोडीकडे निघालो. थंडी अशी की शिट्टी ओठाला चिकटे. पाळीवर पोचलो तर बेशरमाच्या मागे मोबाइलचा उजेड. गावातला माणूस असा उजेड कधी करत नाही, तो अंधारावरच भरोसा ठेवतो. मी मनात म्हणालो, नवीन गिऱ्हाईक आहे. आणि दिली शिट्टी.

"कोण आहे?" झुडपातून आवाज आला.

"पथक! तुमी कोन?"

"अहो, मी आहे मी!"

"मी म्हंजे कोन? सगळेच मी रायते. नाव सांगा!"

ग्रामसेवकांनी माझी बाही ओढली. त्यांना आवाज ओळखू आला होता. मलाही आला होता, पण शिट्टी वाजून गेली होती. मी पाठ फिरवली. "दहा मोजतो जी. एक, दोन..."

"वीस मोजा हो!" झुडूप म्हणालं.

मी वीस मोजले. पुढे साहेबांच्या अडचणीचा अंदाज घेऊन आपल्या मनानं अजून दहा. वळलो तर साहेब पाळीवर उभे, हातात आमच्या ऑफिसचा पाणी प्यायचा तांब्या. तो बैठकीत सरपंचासमोर ठेवत असू. आता तो कुठं ठेवायचा, हा वेगळाच प्रश्न झाला.

मी झेंडूचं फूल पुढे केलं. नियम होता.

साहेबांनी फूल घेतलं आणि म्हणाले, "तुमच्या संडासाला कुलूप होतं! दोनदा दार ओढलं मी. तोरण माझ्या हातात आलं!"

माझा हात कमरेला गेला. किल्ली तिथंच होती, थंडगार. खरं सांगतो, साहेब पाहायला येतात एवढंच माझ्या डोक्यात होतं. साहेब बसतातही, हे मी, अधिकाऱ्याच्या पोटात काय कागद असतो म्हणून सभेत विचारणारा मी, साफ विसरलो होतो.

परत येताना हापशीजवळ गेंदाबाई बादली घेऊन उभी. तिनं साहेबांकडे पाहिलं, तांब्याकडे पाहिलं, झेंडूकडे पाहिलं. मग एकदम आदरानं विचारलं, "काहून जी साहेब, म्हैस पाह्यले गेलते का?"

साहेबांना काही समजलं नाही. "हो हो," म्हणाले. ग्रामसेवक खोटं खोटं शिंकायला लागले.

मग ती माझ्याकडे वळली. "जवाई, आठ वाजता मी भोंग्याखाली उभी रायतो. साहेबाचं नाव आलं पायजे. नाई आलं, तं माहं वाचलेलं नाव वापस द्या."

बोलली हळूच, पण हापशीवरच्या बाया दांडा सोडून ऐकत होत्या. मला कळलं, आठ वाजता एकट्या साहेबाचा निकाल लागणार नाही. मी इतके दिवस गावाला जे वाचून दाखवलं, ते खरं की नुसती गरिबाची टिंगल, याचा निकाल लागणार आहे. आणि ज्या म्हातारीच्या नावाला मी सूट दिली नाही, तिला तोंड दाखवता येईल की नाही, याचाही.

साडेसातला ऑफिसात ग्रामसेवक हात जोडून उभे. "तुळशीरामभाऊ, गाव नापास होईल. फलक जाईल. मी रजिस्टरात लिहीतच नाही."

"नका लिहू. मले तोंडपाठ हाय."

त्यांनी माईकची वायर काढून खिशात टाकली. मी म्हणालो, "बिना वायरचाही माहा आवाज हापशीपर्यंत जाते."

साहेब कोपऱ्यात बसून बिनदुधाचा च्या पीत होते. त्यांनी ग्रामसभेचं रजिस्टर मागितलं. ते वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "ग्रामसेवक, वायर लावा. यात स्पष्ट लिहिलंय. वाचू द्या त्यांना."

मी असा खूश झालो की साहेबांच्या पाया पडायचं बाकी होतं. तेवढ्यात साहेब म्हणाले, "एक मिनिट, तुळशीराम. पथकातल्यांनाही सूट नाही ना?"

"सगळ्यात पयला मी जी!" मी छातीवर हात मारला.

"मग आधी तुमच्याच घरचा संडास पाहू. नाहीतरी घरोघरी जायचंच आहे."

इथं मला खरं लिहावं लागतं. माझ्या घरी संडास होता. पांढराधोप, पत्र्याचं दार, दारावर माझं नाव. त्यात मी एकदाही बसलो नव्हतो. मोकळ्या आभाळाखाली जन्म गेला, त्या डब्यात माझं मन लागत नव्हतं. पथकाच्या आधी तासभर उठून मी शिवेचा दगड ओलांडून पलीकडच्या गावच्या हद्दीत जाऊन येत असे. नियम आमच्या गावचा होता, मी दुसऱ्या गावात मोडत होतो, म्हणून तो मोडत नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. शिट्टी माझ्याच गळ्यात, मला कोण पकडणार! पलीकडच्या पथकाचा चपराशी त्याच वेळेस आमच्या हद्दीत यायचा. शिवेवर भेटलो की दोघंही डबा पाठीमागे धरून म्हणत असू, "राम राम जी, थंडी लय हाय." याहून जास्त आम्ही कधी बोललो नाही.

रस्त्यात मी फार प्रयत्न केले. "साहेब, पयले शाळा पाहू." साहेब म्हणाले, नंतर. "साहेब, बोडी पाहू." साहेब म्हणाले, "बोडी पाहिली." मागे गेंदाबाई, तिच्या मागे हापशीवरच्या बाया, बायांच्या मागे अर्धा वॉर्ड. लग्नाच्या वरातीतही माझ्यामागे एवढे लोक नव्हते.

बायको अंगण सारवत होती. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण ती मला काय झालं म्हणून माझ्याच डोळ्यांकडे पाहत राहिली. साहेबांनी पत्र्याचं दार ओढलं. आत मोहफुलाचं पोतं, तुरीच्या काड्या, एक तुटकी बाज, आणि मधोमध, जिथं माणसानं बसायचं तिथं, टोपल्यात आमची लाल कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिनं साहेबांकडे असं पाहिलं, जणू सूट कोणाला नाही हे तीच ठरवणार. आणि साहेबांच्या पॅन्टला चोच मारली.

"दार लावा जी!" बायको शेणाच्या हातानं धावत आली. "तीन दिवस बाकी हायेत पिलं निघाले. उठली तं पुन्हा बसत नाई ते!"

साहेब आधी खोकले. मग भिंतीला हात लावला. मग असे हसले की खाली उकिडवेच बसले. गाव हसलं, ग्रामसेवक हसले, बायको डोळे पुसत हसली. गेंदाबाई तेवढी हसली नाही. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "जवाई, हे कोंबडी रोज बसते. तुमी कुठं बसता?"

मी दुसऱ्या हद्दीचं सांगू शकलो असतो. तोंडात आलंही होतं. पण तिच्या उघड्या डोक्याकडे पाहिलं आणि ते मागे गिळलं.

आठ वाजले. मी माईकसमोर उभा राहिलो. आधी साहेबांचं नाव वाचलं, वडिलांचं नाव, हुद्दा, ठिकाण बोडीची पाळ, वस्तू तांब्या एक. पुढे माझ्याकडून जोडलं, "कुलूप लावणारा गुन्हेगार ग्रामपंचायत चपराशी." मग माझं नाव आलं. हजार वेळा वाचणारा मी, माझ्या नावावर अडखळलो. पाणी प्यायला हात गेला तर समोर तोच तांब्या. बाहेरून गेंदाबाईचा आवाज आला, "मोठ्यानं वाचजा जी, वॉर्ड नंबर पन!"

मी वाचलं. वॉर्ड नंबर पण. तुरी-बेशरमात नाही, शिवेपलीकडे जातो आणि तिथं कोण भेटतो, हेही सांगितलं. पलीकडच्या गावात आमचा भोंगा ऐकू येतो, हे तेव्हा लक्षात नव्हतं. तिथल्या चपराशाची त्या दिवशी काय गत झाली, ते त्यानं लिहावं.

साहेबांनी कागदावर "पुन्हा पाहणी" असं लिहिलं. फलक त्या खेपेला गेला, आणि काही लोक वर्षभर मला बोलत राहिले. मी ऐकून घेतलं. जाताना साहेबांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "झिंगे मात्र छान होते." शिट्टी माझ्याकडून काढून घ्यावी असं मीच सांगितलं. गावानं ती एकमतानं गेंदाबाईच्या गळ्यात घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो. कोंबडीला टोपल्यासकट उचलून चुलीजवळ ठेवलं, तिनं दोनदा चोच मारली. पोतं, काड्या, बाज बाहेर काढली, पाण्याची बादली भरली आणि आत जाऊन पत्र्याचं दार लावलं. वर आभाळ नाही, समोर तुरी नाहीत, नाकासमोर भिंत. पाय भरून आले. कोणाची चाहूल लागते का म्हणून सवयीनं कान देऊन बसलो, तर खरंच लागली. अंगणात काठीचा आवाज, मग शिट्टी, छपरापासून पत्र्यापर्यंत सगळं हललं.

"तारा," गेंदाबाई माझ्या बायकोला विचारत होती, "आत कोन हाय व?"

"आत हायेत," बायको म्हणाली.

"कोंबडी हाय का जवाई हायेत?"

बायको हसायला लागली.

"कोंबडी असन तं बसू दे," गेंदाबाई दाराजवळ येऊन म्हणाली. "जवाई असतीन तं खोकला म्हना."

सासूसमोर, तेही तसल्या जागेतून, आवाज करायचा म्हणजे माझ्या जिवावर आलं होतं. बाहेर ती पाठ फिरवून मोजायला लागली. एक, दोन, तीन. सातपर्यंत मी दम धरला.

मग खोकललो.